दाणा मोजून द्या, पाणी मोजू नका

प्रश्न : आमचं यवतजवळ छोटं वराहपालन आहे. वडील बघतात, मी कृषी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहा आठवड्यांनी, जानेवारीत, एका पशुप्रदर्शनात लार्ज व्हाईट यॉर्कशायर जातीची दोन जनावरं उतरवायची आहेत. एक खच्ची केलेला नर, एक मादी. दोघं एकाच वेताची, साडेपाच महिन्यांची. गटाची अट ८० ते ११५ किलो अशी आहे. भंगारवाल्याच्या काट्यावर नर ९८ किलो भरला, मादी फक्त ६२. दोघं एकाच शेडमध्ये आहेत. रोज प्रत्येकी तीन किलोच्या हिशोबाने मक्याचा भरडा आणि वर हडपसरच्या हॉटेलांमधलं खरकटं बादलीभर देतो. नर रोज पाऊण-एक किलोने वाढतोय, म्हणजे तोपर्यंत तो गटाबाहेर जाणार. एका जाणत्या माणसाने सांगितलं, ‘पेंड देऊ नकोस, नुसता कोंडा घाल आणि शेवटचे दोन दिवस पाणी तोड, पाच किलो उतरतील.’ दुसऱ्याने मांस घट्ट करणारी बाहेरदेशची पावडर सुचवली. मादीला काय खाऊ घालू तेही कळत नाही. मदत करा. — एक वाचक, दौंड तालुका

उत्तर :

तुम्ही आत्ता लिहिलंत हे फार बरं केलंत. सहा आठवडे हातात असताना डुकराचं वजन हवं तसं वळवता येतं. सहा दिवस उरले असते, तर मी नर यंदा घरीच ठेवा असं सांगितलं असतं.

सगळ्यात आधी पाण्याचं बोलतो, कारण तो सल्ला ऐकून कुणाचं तरी जनावर मरेल अशी मला खरी भीती आहे. डुकराचं पाणी तोडायचं नाही. दोन दिवस नाही, एक दिवसही नाही. खाण्यातलं मीठ शरीराबाहेर टाकायला डुकराला पाणी लागतं. पाणी बंद झालं की तेच मीठ रक्तात आणि मेंदूत साठत जातं. पशुवैद्यकात याला मिठाची विषबाधा म्हणतात आणि सगळ्या पाळीव जनावरांत डुक्कर याला सर्वांत लवकर बळी पडतं. त्यात तुमच्या खुराकात हॉटेलचं खरकटं आहे, म्हणजे रस्सा, लोणचं, पापड, फरसाण, सगळं खारट. आधी जनावर तहानेने कासावीस होतं, खाणं सोडतं. मग आंधळ्यासारखं भिंतीला धडकायला लागतं, हाक मारली तरी कान हलवत नाही. नंतर कुत्र्यासारखं मागच्या पायांवर बसतं, थोबाड वर करून थरथरतं आणि मागे कोलमडतं, झटके येतात. इथून जनावर वाचणं कठीण. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तहानलेल्या डुकरापुढे एकदम भरलेली बादली ठेवली तर मेंदूला सूज येऊन ते उलट लवकर जातं. कधी नळ बंद पडला, निपल (तोंडाने दाबलं की पाणी सोडणारी तोटी) तुंबलं आणि जनावर दिवसभर कोरडं राहिलं, तर थोडं थोडं, घोट घोट पाणी द्यायचं आणि लगेच डॉक्टर बोलवायचा.

तुमच्या नराला दिवसाला आठ-दहा लिटर पाणी लागतं. निपल लावलं असेल तर रोज सकाळी बोटाने दाबून धार बघा. थंडीत धार बारीक झाली तरी लक्षात येत नाही, आणि पाणी कमी झालं की डुक्कर खाणंही कमी करतं.

आता नराचं गणित. ९८ किलोवर रोज आठशे ग्रॅम वाढ धरली, तर ४२ दिवसांत साडेतेहतीस किलो चढतील आणि तो १३१ वर जाईल. आपल्याला प्रदर्शनाच्या दिवशी तो ११३ च्या आसपास हवा. दोन किलो हाताशी ठेवायचे, कारण दोन काटे कधी सारखं वजन दाखवत नाहीत. म्हणजे ४२ दिवसांत १५ किलो, आठवड्याला अडीच किलो. दोन आठवड्यांनी १०३, चार आठवड्यांनी १०८, शेवटी ११३. हे तीन आकडे शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. वजन उतरवायचंच नाही आहे, फक्त वाढ निम्म्यावर आणायची आहे. म्हणूनच उपाशी ठेवायची गरज पडत नाही.

शंभर किलोच्या डुकराला नुसतं जगायला, म्हणजे अंगातली ऊब राखायला आणि हिंडाफिरायला, रोज साधारण सव्वा किलो खाद्य लागतं. त्यावर जे जातं त्याचं वजन होतं. आज तुम्ही तीन किलो भरडा आणि वर खरकटं देता, त्यातलं जास्तीचं सगळं आता चरबीत जातंय. त्याला दिवसाला सव्वादोन किलो मिश्रण द्या, दोन वेळांत विभागून. मापट्याच्या अंदाजाने नको, काट्यावर तोलून. भरड्याचं मापटं कधी दाबून भरतं, कधी सैल, आणि एका मापट्यात पाव किलोचा फरक सहज पडतो. आपल्याला ज्या वेगाने चालायचंय त्यात पाव किलो फार मोठा.

पेंड मात्र बंद करायची नाही. तुमच्या जाणत्या माणसाचा हा सल्लाही उलटा आहे. खरं तर तुम्ही देता त्या खुराकात पेंड दिसतच नाही, आणि अडचण तिथूनच सुरू होते. मक्यात जेमतेम नऊ टक्के प्रथिनं असतात, आणि लायसिन नावाचं जे अमिनो आम्ल डुकराला मांस बांधायला सर्वांत आधी कमी पडतं, ते मक्यात अगदीच थोडं. नुसत्या मक्यावर वाढणारं डुक्कर वजन धरतं, पण ते पुठ्ठ्यावर न दिसता गळ्याखाली दिसतं. आता नुसत्या कोंड्यावर आणलंत तर ते असलेलं मांसही घालवून बसेल. वजन आवाक्यात ठेवताना उष्मांक कमी करायचे, प्रथिनं नाहीत.

नरासाठी शंभर किलो मिश्रण असं करा : मक्याचा भरडा ५० किलो, गव्हाचा भुसा ३० किलो, सोयाबीन पेंड साडेसतरा किलो, खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ अर्धा किलो. भुसा म्हणजे खाद्याच्या दुकानात पोत्यात मिळतो तो कोंडा, काडाचं भुस्कट नव्हे. पेंड म्हणजे पोल्ट्रीवाले ज्याला सोया डीओसी म्हणतात ती. यातून सोळा-सतरा टक्के प्रथिनं मिळतात. कोंड्याने पोट भरल्यासारखं राहतं, जनावर ओरडत नाही, लोखंडी दार चावत बसत नाही. दुपारी किलोभर लसूणघास टाकलात तर आणखी शांत राहील.

दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण आपल्या भागात त्या हमखास होतात. घरचं सोयाबीन आहे म्हणून ते कच्चंच दळून घालू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनेच मरतात. पेंड कारखान्यात तापवूनच येते, म्हणून ती चालते. आणि मका पिठासारखा बारीक दळू नका, भरडाच ठेवा. बारीक पीठ आणि मधूनमधून उपास, या दोन्हींनी डुकराच्या जठरात व्रण होतात. वरून धडधाकट दिसणारं जनावर एक दिवस पांढरंफटक पडतं, शेण डांबरासारखं काळं होतं. ‘एक दिवस खायला देऊ नका, वजन आटोक्यात येईल’ असं कुणी म्हणालं तर हे आठवा. मक्याच्या कणसाला बुरशी दिसली, वास कोंदट आला, तर ते पोतं या दोघांना नको.

वजन दर आठवड्याला घ्यायचं. दर वेळी भंगारवाल्याकडे नेणं जनावराला त्रासाचं आहे, म्हणून शिंप्याची टेप घ्या. सकाळी खाणं देण्याआधी, डुक्कर मान सरळ ठेवून उभं असताना, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. मग कानांच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीवरून लांबी. दोन्ही मापं मीटरमध्ये घ्या आणि घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३ करा, किलो निघतात. घेर १.१२ आणि लांबी १.१३ आली तर उत्तर ९८ च्या जवळ येतं. टेपमध्ये चार-पाच किलोची चूक असू शकते, पण एकाच हाताने, एकाच वारी, एकाच वेळी मापलं तर आठवड्याचा फरक बरोबर कळतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. नराची काट्यावरची ९८ आणि टेपवरची मापं उद्याच शेजारी शेजारी लिहून ठेवा. प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी एकदा पुन्हा काट्यावर न्या.

आठवड्यात तीन किलोच्या वर वाढला तर रोजचं खाद्य दोनशे ग्रॅमने कमी करा. दोन किलोच्या खाली आला तर तेवढंच वाढवा. एकदम अर्धा किलो कधी हलवू नका. पावणेदोन किलोच्या खाली कुठल्याही परिस्थितीत जाऊ नका. डिसेंबरच्या शेवटी तुमच्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा अंगातली ऊब राखण्यातच बरंच खाद्य खर्च होतं आणि वाढ आपोआप मंदावते. त्या आठवड्यात घाबरून माप वाढवण्याआधी शेडमध्ये उसाचं कोरडं पाचट जाड अंथरा, वारा येतो त्या बाजूला पोतं लावा.

खरकट्याबद्दल मला कडक बोलायचंय. या दोन जनावरांचं ते बंद करा. एकदम नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू नवं मिश्रण वाढवत आणि खरकटं कमी करत. बादलीभर खरकट्यात तीन हिस्से पाणीच असतं, उरलेल्यात एके दिवशी भात, एके दिवशी तेलाचा तवंग. त्यावर वजनाचा हिशोब बसूच शकत नाही. पण त्याहून मोठं कारण आफ्रिकन स्वाईन फीव्हर आहे. हा रोग भारतात पहिल्यांदा २०२० साली आसाम आणि अरुणाचलमध्ये सापडला आणि तेव्हापासून त्याने कळपच्या कळप संपवले आहेत. माणसाला तो होत नाही, पण डुकराला झाला तर औषध नाही, आणि आपल्याकडे वापरायला लसही नाही. डुकराच्या मांसाचे न शिजलेले तुकडे, ते धुतलेलं पाणी, हाडं, यांतून तो खरकट्याबरोबर शेडमध्ये येतो. बाकीच्या कळपाला वडील खरकटं देणारच असतील, तर ते मोठ्या पातेल्यात तळापासून ढवळत तासभर उकळूनच द्यायला सांगा. वरून वाफ दिसली की खाली उतरवलं, असं नको. आणि उकळलेलं खरकटं ज्या बादलीतून कच्चं आणलं, त्याच बादलीत पुन्हा ओतू नका. वडिलांच्या धंद्याला खरकट्याचा आधार आहे हे मला कळतं, खाद्याचे भाव बघता ते सोडा म्हणणं सोपं नाही. तासभर सरपण जाळणं मात्र परवडतं.

आता मादी. तिच्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. खच्ची नर मादीपेक्षा जास्त खातो आणि लवकर चरबी धरतो, हे निसर्गाचंच आहे. पण एकाच वेताच्या भावंडांत छत्तीस किलोचा फरक नैसर्गिक नाही. दोघं एका भांड्यात खात असतील तर तिच्या वाटचं तो खातोय. त्याला थोबाडाने ढकलायला एक क्षण लागतो आणि ती दोन-चार वेळा मार खाल्ल्यावर जवळ यायचंच सोडते. आज संध्याकाळीच मध्ये लोखंडी जाळी किंवा फळ्या लावून दोघांना वेगळं करा. एकमेकांना दिसू द्या, नाहीतर दोघंही खाणं सोडतील.

दुसरं, तिचं शेण तपासून घ्या. जंतांनी भरलेलं डुक्कर दिवसभर खातं आणि वजन जागचं हलत नाही. केस राठ उभे, पोट लोंबतं, पाठीचा कणा हाताला लागतो, अशी खूण असेल तर जवळपास खात्रीच धरा. ताजं शेण डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या आणि औषध व त्याची मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. दुकानदाराच्या अंदाजाने नको. खोकला असेल तर तोही सांगा. जंत फुप्फुसांतून प्रवास करतात तेव्हाही डुक्कर खोकतं. औषध दोघांना एकाच दिवशी द्यावं लागेल, नाहीतर शेड साफ व्हायची नाही.

तिला हात आखडून खायला घालू नका. मका ६२ किलो, सोयाबीन पेंड २४, गव्हाचा भुसा साडेअकरा, खनिज मिश्रण २, मीठ अर्धा किलो. यात अठरा टक्के प्रथिनं येतात. सुरुवातीला दोन किलो, मग खाईल तसं अडीच-पावणेतीनपर्यंत जाऊ द्या, तीन वेळांत. रोज पाचशे-सव्वापाचशे ग्रॅम वाढली तरी ती सहा आठवड्यांत ८४ च्या आसपास पोहोचते. वेगळी केल्यावर पहिल्या दहा दिवसांतच फरक दिसेल. मध्येच एखाद-दोन दिवस ती खाणं टाकेल, अस्वस्थ होईल, योनी लालसर सुजलेली दिसेल, तर तो आजार नाही. सहा-सात महिन्यांच्या मादीचा पहिला माज असतो, दोन-तीन दिवसांत उतरतो.

चार आठवड्यांनी ती ७५ च्या खाली असेल तर मात्र तिला तेल, गूळ, मका कोंबून फुगवू नका. तिला घरी ठेवा. तिचे सड मोजा. दोन्ही बाजूंनी सारखे आणि एकूण बारा किंवा त्याहून जास्त चांगले सड असतील तर ती पुढे वेतासाठी मोलाची आहे. वयाच्या या टप्प्यावर घाईघाईने चरबी चढवलेल्या मादीला पुढे गाभ राहताना आणि विताना त्रास होतो. एका दिवसाच्या फेट्यासाठी ते करू नये.

पावडरीबद्दल. तुम्हाला सुचवलेली पावडर बहुधा रॅक्टोपामिन असावी. अमेरिकेत ती डुकरांना द्यायला परवानगी आहे, युरोपीय संघात आणि चीनमध्ये बंदी आहे. तिने चरबी कमी आणि मांस जास्त दिसतं हे खरं, पण जनावर बिथरतं, हृदयाचे ठोके वाढतात, हाताळताना आणि वाहतुकीत दमून आडवं पडतं. चोरवाटेने आलेल्या पुडीत नेमकं काय आहे हे सांगणारं कुणी नाही, आणि प्रदर्शनानंतर हे जनावर शेवटी कुणाच्या तरी ताटात जाणार आहे. नको म्हणजे नको. अमेरिकेत मुलं जत्रेत आपली डुकरं उतरवतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असणार. तिथून घ्यायचं तर चालवण्याची शिस्त घ्या.

कारण पंच नुसता आकडा बघत नाही. नराला मोकळ्या जागेत चालवा आणि मागून बघा. मांडीचा खालचा भाग सर्वांत रुंद दिसला आणि मागचे पाय एकमेकांपासून दूर पडले तर ते मांस. पाठ वरून पाटासारखी सपाट, सगळी रुंदी वरच आणि पाय आत आलेले दिसले, तर ती चरबी. मग पुढे या. जबड्याखाली आणि पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे चिमटीत किती येतं बघा. चालताना तिथलं कातडं लोंबत हलत असेल तर दाणा अजून जास्त होतोय, टेप काहीही सांगो. रोज सकाळी मातीवर दहा मिनिटं चालवायला सुरुवात करा, तिसऱ्या आठवड्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांवर न्या. सिमेंटवर नको, खुर झिजतात. काठी मारायला नाही, गालाला आणि खांद्याला नुसती टेकवायला. चालण्याने फार वजन उतरत नाही, पण पाय मोकळे होतात, दम टिकतो, आणि प्रदर्शनाच्या गोंगाटात जनावर तुमच्या आवाजावर थांबतं.

निघायच्या आधी सहा तास खाणं थांबवा, पाणी नाही. भरल्या पोटी टेम्पोत डुकराला ओकाऱ्या होतात. प्रवासात पोट रिकामं होऊन त्याचे तीन-चार किलो तसेही कमी भरतील. तुमच्या जाणत्या माणसाला जे पाच किलो पाणी तोडून हवे होते, त्यातले बरेचसे असे कुणाचं नुकसान न करता जातात. पहाटेच्या गारव्यात निघा, तळाला पाचट टाका, दोघांमध्ये आडवी फळी ठेवा. घरचंच पाणी ड्रममध्ये घेऊन जा. परक्या पाण्याचा वास आला की डुक्कर तोंड लावत नाही आणि तिथे दिवसभर तहानलेलं राहतं. त्या पाण्यात थोडा गूळ विरघळवायचा असेल तर घरी आठवडाभर आधी सवय लावा.

आयोजकांना फोन करून दोन गोष्टी विचारा. वजन उतरल्याबरोबर घेतात की दुसऱ्या दिवशी, आणि आरोग्य दाखला किती दिवसांच्या आतला लागतो. स्वाईन फीव्हरची लस दिली नसेल तर ती याच आठवड्यात डॉक्टरांशी बोलून द्या, शेवटच्या आठवड्यात नको. ही लस जुन्या, नेहमीच्या स्वाईन फीव्हरची आहे, आफ्रिकन रोगाची नाही. दोन्हींची नावं सारखी असल्याने लस दिली म्हणजे काळजी मिटली असं समजून अनेक जण गाफील राहतात.

परत आल्यावर दोघांना सरळ जुन्या शेडमध्ये सोडू नका. प्रदर्शनात दहा ठिकाणची डुकरं आलेली असतात. तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या बादल्या, आणि त्यांचं काम सगळ्यात शेवटी. आधी वडिलांच्या कळपाचं, मग यांचं. बूट, काठी आणि टेम्पोचा तळ धुऊन जंतुनाशक मारा. या काळात ताप, कानांवर आणि पोटावर लाल-जांभळे डाग, खाणं बंद, असं काही दिसलं तर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा दवाखाना गाठा. मेलेलं जनावर असेल तर ते स्वतः कापू नका, विकू नका. डॉक्टर नमुने घेऊन पुण्यातल्या औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवतील, आणि तोवर शेडमधून एकही डुक्कर बाहेर जाऊ देऊ नका.